पोत्याचा एप्रन आणि आपला पदर

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीत मी चकल्या तळत होते. एका शेगडीवर कढई, दुसरीवर चहाचं आधण, आणि अंगावर सिंथेटिक साडी. पाहुणे यायचे म्हणून सकाळीच नेसले होते. पदर खोचलेला होता, पण मागच्या फळीवरचा झारा काढायला वळले, तेवढ्यात तो सुटला आणि त्याचं टोक चहाच्या शेगडीवर गेलं. मला कळलंसुद्धा नाही. कळलं ते वासानं. सुदैवानं सासूबाई तिथंच पाट मांडून चकल्या पाडत होत्या. त्यांनी हाताशी असलेलं पिठाच्या हाताचं ओलं फडकं माझ्या पदरावर आपटलं आणि वर बादलीतलं पाणी ओतलं. वीतभर पदर गेला आणि मनगटावर रुपयाएवढा डाग राहिला. साडीचं कापड वितळून कातडीला चिकटलं होतं, तो हा डाग. थोडक्यात निभावलं, एवढंच.

हे सगळं मी फोनवर आमच्या वन्संना सांगितलं. त्या अमेरिकेत कान्सासला असतात. त्यांनी लगेच सुनावलं, "वहिनी, एप्रन घालत जा!" आणि मे महिन्यात कुणी ओळखीचं येत होतं, त्यांच्याबरोबर एक एप्रन पाठवला. निळसर जमिनीवर बारीक पांढरी फुलं, दोन खिसे, मऊ सुती कापड. सोबत चिठ्ठी: "जुन्या बाजारातून घेतलाय, फार जुना आहे, जपून वापर."

मी कौतुकानं तो सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, कापड उलटं करून पाहिलं, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं, पोतं आहे हे."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांनी कड उजेडाकडे धरून दाखवली. शिलाईच्या आतल्या बाजूला एका सरळ ओळीत, सारख्या अंतरावर, मोठी मोठी भोकं होती. आपल्या सुईनं पडतात त्याहून कितीतरी मोठी. "पोत्याची शिवण उसवली की अशी भोकं राहतात. कितीही धुवा, जात नाहीत," असं म्हणून त्यांनी एप्रन माझ्या हातात दिला आणि त्या आत निघून गेल्या. नेहमी एवढं बोलणाऱ्या सासूबाई त्या दिवशी जेवताना काही बोलल्या नाहीत. त्याचं कारण पुढे सांगते. आधी या पोत्याची हकिगत सांगते, कारण ती आपल्यासारख्याच बायकांची आहे.

पिंपातून पोत्यात

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पीठ लाकडी पिंपांतून विकलं जाई. एका पिंपात १९६ पौंड, म्हणजे जवळजवळ ८९ किलो पीठ मावे. पिंपं जड, महाग, आणि गळकी. कापडाचं पोतं स्वस्त पडलं असतं, पण हातशिवण एवढं ओझं पेलत नसे. १८४६ साली इलायस हाऊ याला दोन धाग्यांच्या टाक्याच्या शिवणयंत्राचं पेटंट मिळालं, पुढं शिवणयंत्रं सर्वत्र झाली आणि पोत्यांच्या शिवणी पक्क्या झाल्या. मग पीठ, साखर, बियाणं, कोंबड्यांचं खाद्य सगळंच सुती पोत्यांतून येऊ लागलं. गंमत म्हणजे पिंपं गेली तरी मोजमाप त्यांचंच राहिलं. अर्ध्या पिंपाचं पोतं ९८ पौंडांचं, पाव पिंपाचं ४९ पौंडांचं, आणि त्याच्या अर्धं साडेचोवीस पौंडांचं!

पीठ संपलं की घरात राहिलं ते चांगलं घट्ट विणीचं सुती कापड. ते कोणती बाई टाकून देईल? शेतावरच्या बायका त्याची फडकी करीत, लहान मुलांचे लंगोट करीत, उशांचे अभ्रे, आतले कपडे आणि गोधड्या शिवीत. अडचण एकच, गिरणीचा मोठा शिक्का. तो काढायला त्या रात्रभर कापडाला डुकराची चरबी चोळून ठेवीत, नाहीतर घासलेटात भिजवीत, आणि सकाळी कडक साबणानं चोळचोळून धूत. तरी कधी अक्षरं पुरी जात नसत. मग गिरणीचं नाव नको त्या जागी उमटून राही, आणि त्यावरून पुढं कितीतरी विनोद झाले. विनोद ऐकणाऱ्याला बरा वाटतो, अंगात कपडा घालणाऱ्याला नाही.

पहिल्या महायुद्धात तर या पोत्यांनी समुद्रपार प्रवास केला. १९१४ साली जर्मनीनं बेल्जियम व्यापला, तिथं अन्नाची टंचाई झाली. हर्बर्ट हूव्हर यांनी, जे पुढं अमेरिकेचे अध्यक्ष झाले, मदतसमिती उभी करून जहाजांनी पीठ पाठवलं. रिकाम्या पोत्यांचा हिशेब ठेवावा लागे, कारण सुती कापडापासून जर्मन लोक दारूगोळ्याची सामग्री करतील अशी भीती होती. म्हणून ती पोती शिवणशाळांना आणि बायकांच्या कामगटांना वाटली गेली. बेल्जियमच्या बायका-मुलींनी त्यांवर भरतकाम केलं, लेस लावली आणि आभार म्हणून त्यांतली पुष्कळ परत अमेरिकेला पाठवली. गिरणीचा शिक्का त्यांनी पुसला नाही. त्याच अक्षरांवर रंगीत धाग्यांनी भरलं. आयोवा राज्यातल्या वेस्ट ब्रँच गावी हूव्हर यांच्या नावाचं संग्रहालय आहे, तिथं अशी शेकडो पोती जपून ठेवली आहेत.

पोत्यावर फुलं उमटली

बायका पोतं फेकत नाहीत, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला, पण आलं. १९२४ साली मिसूरी राज्यातल्या एसा बेल्स नावाच्या गृहस्थानं पेटंटासाठी कल्पना मांडली की पोतंच मुळी कपड्याच्या छापील कापडाचं करावं, म्हणजे माल संपल्यावर त्याचा कपडा शिवता येईल. सेंट लुईस शहरातल्या जॉर्ज प्लांट यांच्या पीठगिरणीनं ते उचललं आणि चौकटीच्या कापडातलं 'गिंगम गर्ल' पीठ बाजारात आणलं. आत पीठ तेच, पण बायकांनी ते पोतं मागून घ्यायला सुरुवात केली!

मग १९२९ साली तिथला शेअरबाजार कोसळला आणि महामंदी आली. शेतमालाला भाव नाही, हातात पैसा नाही. त्या दिवसांत फुलांचं पोतं म्हणजे घरातल्या मुलीचा नवा फ्रॉक. पोती करणाऱ्या कारखान्यांची आपसांत चढाओढ लागली. फुलं, ठिपके, चौकटी, लहान मुलांसाठी चित्रं, अशा शेकडो तऱ्हा निघाल्या. गिरणीचं नाव आता कापडावर न छापता कागदाच्या चिठ्ठीवर येऊ लागलं. पाण्यात भिजवली की चिठ्ठी सुटे. कुठं कापडावरच छापत, पण धुतल्यावर निघून जाणाऱ्या शाईनं.

शंभर पौंडांचं, म्हणजे सुमारे ४५ किलोंचं पोतं उसवून पसरलं की साधारण ३६ इंच रुंद आणि ४० इंचांच्या आसपास लांब कापड मिळे. बाईच्या झग्याला अशी तीन पोती लागत, आणि तीही एकाच नक्षीची. म्हणून नवरा खाद्य आणायला निघाला की बायको त्याच्या हाती कापडाचा तुकडा देई, 'अस्संच आणा' म्हणून. आणि बरोब्बर तेच पोतं थप्पीच्या तळाशी असे! दुकानातल्या गड्यांना वरची सगळी पोती हलवावी लागत. (आपल्याकडे मॅचिंग ब्लाउजपीस आणायला पाठवलेल्या नवऱ्याची आठवण झाली की नाही?) शेजारणी-शेजारणी पोत्यांची अदलाबदल करीत, आणि ज्या घरात पोती जास्त येत तिथली बाई रिकामी पोती विकून चार पैसे गाठीला बांधी.

एका पोत्यात मात्र सहज बसणारी वस्तू म्हणजे एप्रन. त्याचं कारणही साधं होतं. बाईकडे झगे दोन-तीनच, धुणं हातानं, पाणी दुरून आणायचं. झगा धुण्यापेक्षा वरचा एप्रन धुणं सोपं. आणि एप्रनचे उपयोग किती? हात पुसायचा, खुराड्यातली अंडी त्यात गोळा करायची, परसातल्या शेंगा ओटीत घेतल्यासारख्या घ्यायच्या, रडणाऱ्या पोराचं नाक पुसायचं. वाचताना मला सारखा आपला पदर आठवत होता.

दुसऱ्या महायुद्धात कापड सैन्याकडे वळलं, पण पोत्याचं कापड मिळत राहिलं, आणि पोत्याचा कपडा घालणं म्हणजे देशाला मदत, असं म्हटलं जाऊ लागलं. युद्ध संपल्यावर कागदाच्या आणि पुढं प्लास्टिकच्या पिशव्या स्वस्त पडू लागल्या आणि १९६० च्या सुमारास हे कापडी पर्व संपलं. जाता जाता त्याचा मानही झाला. १९५९ साली पोत्यांच्या शिवणकामाच्या स्पर्धेसाठी कान्सासमधल्या कॅल्डवेल गावच्या एका बाईंनी शिवलेला झगा आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

सासूबाईंचा परकर

हे सगळं मी एका संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. फुलांच्या पोत्यांपर्यंत आले तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी फुलं नव्हती."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांचे वडील एका किराणा दुकानात कामाला होते. घरात पाच मुली. मालक दरसाल दिवाळीला मैद्याची दोन-तीन रिकामी पोती देई. आई ती उसवून, सोड्यात उकळून त्यांचे परकर आणि चोळ्या शिवायची. एका वर्षी मागच्या बाजूचा शिक्का पुरता गेला नाही. शाळेत फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या तशा वर्गातल्या मुलींनी ती अक्षरं वाचली. त्या दिवसापासून चौथी होईपर्यंत त्यांचं नाव 'मैदा' पडलं. "मैदा आली, मैदा बसली. गुरुजीसुद्धा एकदा हसले," एवढं सांगून सासूबाई थांबल्या.

मैत्रिणींनो, या घरात येऊन मला बारा वर्षं झाली. सासूबाईंनी साधं पायपुसणंसुद्धा पोत्याचं करू दिलेलं नाही, यावरून मी किती वेळा मनातल्या मनात 'भारीच थाट' म्हटलं असेल. मी स्वतः शाळेत शिकवते. मुली एकमेकींना कशा नावं ठेवतात ते रोज पाहते, आणि 'अगं, त्यात काय एवढं' म्हणून सोडून देते. आता तसं सोडून देत नाही.

काटकसर ही चांगलीच गोष्ट आहे. 'टाकाऊतून टिकाऊ' आपण सगळ्याच करतो आणि मिरवतोही. पण एक लक्षात ठेवा, हौसेनं केलेली काटकसर आणि नाइलाजानं केलेली काटकसर यांत फार अंतर आहे. आज जुन्या बाजारात चांगले पैसे मोजून घेतलेला हा एप्रन जिनं शिवला, तिला कदाचित नवं कापडच हवं असेल. तिच्या हातची शिवण मात्र बघा! टाके इतके बारीक आणि सारखे, की दुमडलेल्या कडेत ती भोकं लपावीत म्हणून तिनं किती काळजी घेतली ते दिसतं.

आपला एप्रन आपणच शिवू या

वन्संचा एप्रन मी रोज वापरत नाही. एवढं जुनं कापड फोडणीच्या तेलाला द्यायला जीव होत नाही. पण एप्रनची गरज मात्र पटली होती. म्हणून त्यावरूनच एक शिवायचं ठरवलं. सासूबाई ट्रंकेतून मैद्याचं एक जुनं सुती पोतं घेऊन आल्या. पापड वाळवायला ठेवलं होतं म्हणे. ते उसवायला मी कात्री घेतली तर म्हणाल्या, "कात्री ठेव." त्यांनी शिवणीचं एक टोक शोधलं, दोन टाके नखानं सोडवले आणि धागा ओढला. सर्रकन सगळी शिवण उलगडली! पोत्याची शिवण साखळीटाक्याची असते. योग्य टोकानं धागा ओढला तर ती एका झटक्यात सुटते, उलट टोकानं ओढला तर गच्च बसते. एका बाजूनं सुटली नाही तर दुसऱ्या बाजूनं ओढून बघा. तांदळाच्या पिशवीचं तोंड उघडतानाही हीच युक्ती. तो धागा गुंडाळून ठेवा, अमेरिकेतल्या बायका त्याच्या क्रोशाच्या लेस विणीत.

आता मैदा बहुतेक प्लास्टिकच्या विणीच्या पोत्यांतूनच येतो. त्या पोत्याचा एप्रन चुकूनही करू नका, आचेनं ते वितळतं. सुती पोतं मिळालं नाही तर सव्वा मीटर मांजरपाट घ्या, किंवा जुनी जाड सुती चादर चालेल. खत, कीटकनाशक किंवा औषध लावलेलं बियाणं ज्यात होतं, असं पोतं मात्र कितीही धुतलं तरी स्वयंपाकघरात आणायचं नाही.

साहित्य: ३६ इंच रुंद, ४० इंच लांब सुती कापड (धुऊन, वाळवून, इस्त्री केलेलं), दोरा, खडू, टेप.

कृती: १. कापड आधी कोमट पाण्यात रात्रभर भिजवा आणि धुवा. सुती कापड आटतं, म्हणून हे शिवण्याआधीच करायचं. शिक्का काढायचा असेल तर साबणाचा जाड लगदा लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळा. घासलेटाच्या भानगडीत पडू नका.

२. कापडाची रुंदी ३६ इंच आहे. त्यातली २७ इंच मुख्य भागासाठी आणि ९ इंच पट्ट्यांसाठी, असं उभं कापा. मुख्य भाग लांबीला ३६ इंच ठेवा. खाली ४ इंचांची पट्टी उरेल, ती बाजूला ठेवा.

३. मुख्य भागाची उभी घडी घाला. वरच्या कडेवर घडीपासून ५ इंचांवर खूण करा. मोकळ्या बाजूनं वरून खाली १० इंचांवर दुसरी खूण करा. दोन्ही खुणा आतल्या बाजूला वळणाऱ्या बाकानं जोडा आणि कापा. उलगडल्यावर वर १० इंचांची छाती आणि खाली पूर्ण रुंदी मिळेल. उंच बाईला छाती १२ इंच ठेवली तरी चालेल.

४. ९ इंच रुंद, ४० इंच लांब तुकड्यातून ३ इंच रुंद आणि ३२ इंच लांब अशा तीन पट्ट्या काढा. उरलेला ९ बाय ८ इंचांचा तुकडा म्हणजे खिसा. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा अर्धा इंच आत दुमडा, मग पट्टी मधोमध दुमडून शिवा. इंचभर रुंदीचे बंद तयार होतात.

५. मुख्य भागाच्या सगळ्या कडा दोनदा दुमडून शिवा. पोत्याची भोकं असलेली कड खालच्या दुमडीत घ्या, बंद लागतात तिथं नको, कापड फाटतं. दोन बंद कमरेला लावा. तिसरी पट्टी गळ्यासाठी. ती साधारण २४ इंच ठेवून डोक्यावरून सहज निघते ना, ते पाहा. उरलेल्या आठ इंचांची खुंटीला अडकवायची कडी करा.

६. खिसा उजव्या हाताला, कंबरेच्या जरा खाली लावा. त्याचे वरचे दोन कोपरे उलटसुलट दोन-तीनदा शिवून पक्के करा. सगळ्यात आधी तिथंच उसवतं.

बाकात निघालेले दोन तुकडे आणि खालची पट्टी एकावर एक ठेवून, आत जुनं फडकं घालून जाड शिवा. गरम पातेलं धरायचं फडकं झालं. चिंधीसुद्धा वाया गेली नाही.

घालायची पद्धत महत्त्वाची

एप्रन घातला म्हणजे आपण सुरक्षित झालो, असं समजू नका. सुती कापडही पेटतं. फरक एवढाच, की ते सिंथेटिकसारखं वितळून अंगाला चिकटत नाही. एप्रनचं खरं काम आहे सैल कापड अंगाशी बांधून ठेवणं. म्हणून:

पदर खांद्यावरून पुढं घेऊन कमरेशी घट्ट खोचा आणि मग त्यावरून एप्रन बांधा. पदर एप्रनच्या आत, बाहेर नाही. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी काढून खुंटीला लावा.

कमरेच्या बंदांची सुरगाठ मारा, एका ओढीत सुटली पाहिजे. गळ्याला गाठ नकोच.

गरम भांडं पदरानं किंवा एप्रनच्या टोकानं उचलू नका. त्यासाठी आपण वेगळं फडकं शिवलंय.

मागच्या शेगडीच्या पलीकडे फळीवर रोजची भांडी ठेवू नका. माझा झारा तिथंच होता.

आणि तरीही कपड्यानं पेट घेतलाच तर धावू नका, धावल्यानं ज्वाळा वाढतात. जमिनीवर लोळा, जवळच्यांनी जाड सुती चादर किंवा घोंगडी गुंडाळावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप काही लावू नका, चिकटलेलं कापड ओढू नका आणि डॉक्टरांकडे जा. मी चिकटलेला तुकडा ओढून काढला होता, म्हणून हा डाग जरा जास्तच दिसतो.

जुनं कापड घरात असेल तर

तुमच्याकडे परदेशातून असा एप्रन आला, तर तो खरा पोत्याचा आहे का हे ओळखायची खूण सासूबाईंनी सांगितलेलीच: कडेला मोठ्या भोकांची सरळ ओळ. जुन्या तऱ्हेच्या नक्षीची नवी कापडंही हल्ली मिळतात, त्यांत ही ओळ नसते. असं कापड गार पाण्यात, सौम्य साबणानं हातानं धुवा, पिळू नका, सावलीत आडवं वाळवा. ब्लीच नको. खळ लावून ठेवू नका, खळीला कसर लागते. मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको.

आमचा एप्रन तयार झाला. पोत्यावरचा शिक्का फिकट झाला होता, पण वाचता येत होता. मी विचारलं, "आई, शिक्का कुठं घेऊ? हल्ली लोक मुद्दाम पुढं ठेवतात. की काढून टाकू?"

त्यांनी कापड हातात घेतलं, थोडा वेळ पाहिलं. म्हणाल्या, "काढू नकोस. खिशाच्या आतल्या बाजूला घे. तुला-मला ठाऊक असलं म्हणजे झालं."

तसंच केलं आहे. रोज सकाळी कणीक मळायला जाण्याआधी मी तो एप्रन बांधते. गेल्या आठवड्यात सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "मलाही एक शिव. पण माझा जरा आखूड, मी खाली बसून काम करते." पोतं काही आता उरलं नाही. मांजरपाट आणला आहे. या रविवारी कापायला घेणार आहे. तुम्हीही घ्या, आणि दिवाळीच्या तळणाआधी शिवून ठेवा.